अर्ध्या उंबऱ्याच्या शांताक्का

राजारामपुरीत आमच्या शेजारी राहणाऱ्या शांताक्का रोज सकाळी अर्ध्याच उंबऱ्यावर पाणी घालायच्या आणि तेवढ्यापुढेच रांगोळी काढायच्या. उरलेला अर्धा कोरडा. एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "घर दोघांच्या नावावर हाय. परक्याच्या अर्ध्याला मी कशाला हात लावू?"

हा परका म्हणजे त्यांचे यजमान, आप्पा. आप्पांनी शाहूपुरीत दुसरा संसार थाटला होता, पण मन फार हळवं. दुपारची झोप काढायला न चुकता जुन्या घरीच यायचे. पुढची खोली कायम त्यांच्या कुलपात. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमारास घटस्फोटाचा दावा उभा राहिला, तेव्हा शाळेत शिकवणाऱ्या शांताक्कांनी कोर्टाला सांगितलं की घर विका आणि ज्याचा हिस्सा त्याला द्या. "माझ्या दाराला माझंच कुलूप पायजे," एवढंच त्यांचं म्हणणं.

आप्पांनी दुसरं घर केलं तेव्हा आमची गल्ली समजूतदारपणे गप्प होती. बाईनं पहिलं विकायला काढल्यावर मात्र सगळ्यांना संस्कृती आठवली.

कोर्टानं लिलावाचा हुकूम दिला, तसे आयुष्यात प्रथमच आप्पा कामाला लागले. कुणी बोली लावायची नाही, बाहेरचं गिऱ्हाईक आलं तर "पावणं, हे घर लाभत न्हाय" म्हणून परतवायचं, असा शपथेचा बेलभंडारा त्यांनी घरोघरच्या पुरुषांना उचलायला लावला. गिऱ्हाईक नाही तर विक्री नाही, आणि झोप शाबूत. मीही उचलला. पुरुषानं पुरुषाला शब्द द्यायचा असतो, एवढी अक्कल मला होती.

लिलावाला बेलिफ आला, दवंडी झाली. अख्खी गल्ली तोंडाला कुलूप लावून उभी. कोर्टानं ठरवलेली किंमत बेलिफानं दोनदा पुकारली. आप्पा मिशीतल्या मिशीत हसत होते. तेवढ्यात शांताक्कांनी पदर खोचला आणि तीच किंमत बोलल्या. बोलीसाठी कोर्टाची परवानगी वकिलानं आधीच काढली होती, शिक्षकांच्या पतपेढीचं कर्जही मंजूर होतं. आप्पा भडकले, सगळ्यांचं ठरलं होतं म्हणाले.

"तुमचं ठरलं हुतं," शांताक्का म्हणाल्या. "मला कुणी भंडारा उचलायला लावला न्हाय की."

आप्पांनी स्वतः ना परवानगी काढली होती, ना पैशांची सोय केली होती; बोली चढवायला दुसरं कुणीच नव्हतं. चार जणांनी चढाओढ केली असती, तर ते घर शिक्षिकेच्या आवाक्यात राहिलंच नसतं. आप्पांच्या मेहनतीला एवढं फळ पूर्वी कधी आलं नव्हतं.

कोर्टानं विक्री कायम केली, त्याच्या दुसऱ्या दिवशी रांगोळी उंबराभर होती. आम्हा सगळ्यांना चहाचं बोलावणं आलं. माझ्या हातात कपबशी देताना शांताक्का म्हणाल्या, "तुमी शब्द पाळलासा म्हणून घर मिळालं. शब्द माझ्यासाठी दिला नव्हतासा, एवढंच."

पुढे आठ वर्षांनी त्या त्याच घरात वारल्या. तोवर त्यांच्या दारात मान वर करून उभं राहणं मला काही जमलं नाही.