दोन भोकांचा डबा

आमच्या घरात कोणतीही वस्तू उचलून पाहिल्याशिवाय विकत घेत नाहीत. बाबांनी शेतातला पंप असाच घेतला, आईची शिलाई मशीन अशीच घेतली. माझे कॉलेजही त्यांनी बहुधा याच पद्धतीने निवडले असावे (इमारत फार भक्कम आहे). त्यामुळे मी ऑडिओ इंटरफेस घ्यायचा म्हणालो, तेव्हा त्यांनी एकच विचारले.

"वजन किती आहे त्याचं?"

इंटरफेस म्हणजे माइक आणि लॅपटॉप यांच्या मधे बसणारा एक छोटा डबा. माणूस माइकात गातो, ते गाणे हा डबा लॅपटॉपला समजेल असे करून देतो. सिंदेवाहीच्या पलीकडे धान पिकवणाऱ्या आमच्या घराला याची गरज पडली ती माझ्या बहिणीच्या, पौर्णिमाच्या लग्नामुळे. नवरदेवाकडचे लोक ऊर्जानगरचे, वीज केंद्राच्या वसाहतीत राहणारे. हळद आणि लग्न दोन्ही तिकडच्या हॉलमध्ये ठरले. तिच्या होणाऱ्या सासूबाईंचा आईला फोन आला.

"बाई, हळदीले डीजे राहीन. तुमच्याकडचं कोनतं गानं वाजवाचं असन तं पेनड्राईव्हात आना."

आमच्याकडचे गाणे पेनड्राईव्हात नव्हते. ते अर्धे आईच्या तोंडात होते आणि अर्धे काकीच्या. आई विचारते, "वाटीतली हळद कोनं कालवली?" काकी उत्तर देते, "गेवर्ध्याच्या मावशीनं कालवली." मग आई पुन्हा विचारते, काकी पुढच्या नातेवाइकाचे नाव घेते. असे करत मामा, आत्या, मावश्या, भाऊ, सगळे गाण्यात येतात. आणि ज्याचे नाव येत नाही, तो पंगतीला बसत नाही. भांडतही नाही. नुसता "भूक नाई जी" म्हणतो, आणि मग त्या घराण्याला आमच्याकडे पुढच्या पिढीपर्यंत भूक लागत नाही.

दोघी हॉलमध्ये उभ्या राहून गायल्या असत्या तर प्रश्नच नव्हता. पण आमची काकी परक्या माणसापुढे पाणीसुद्धा मागत नाही. तिचा आवाज चुलीपासून दारापर्यंत जेमतेम पोचतो. म्हणून गाणे घरीच रेकॉर्ड करायचे ठरले, आणि ते काम माझ्याकडे आले. मी घरातला पहिला पदवीधर. तोही फिजिक्सचा. आता चंद्रपूरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळतो. घरच्यांच्या मते मिक्सरपासून मोबाइलपर्यंत जे काही बिघडते ते फिजिक्समध्ये येते, आणि ते दुरुस्त झाले नाही की काकी समजुतीने म्हणते, "थे त्याच्या पुस्तकात नसन."

मी अभ्यासाला लागलो. स्वस्तातले इंटरफेस कोणते, कोणाची खरखर कमी, कोणाची बटणे लवकर ढिली होतात, यावर मी इतके व्हिडिओ पाहिले की शेवटी मी स्वप्नातही "नमस्कार मित्रांनो" म्हणायला लागलो. मग चंद्रपूरच्या एका वाद्यांच्या दुकानात गेलो. बाबा, आई, काकी तिघेही सोबत आले, कारण वस्तू उचलायची होती.

दुकानदाराने काचेवर डबे मांडले. बाबांनी एकेक तळहातावर घेतला.

"हलका आहे जी. आत काई भरलंच नाई का?"

"काकाजी, हे इलेक्ट्रॉनिक आहे. हलकंच राहते."

"आमचा पंप बी इलेक्ट्रिकचाच आहे. दोघं लागते उचलाले."

आईला लाल रंगाचा आवडला, शुभकार्याचा म्हणून. मी दुकानदाराशी खरखरीबद्दल बोलत होतो. तेवढ्यात काकीने माझी बाही ओढली आणि कानात विचारले, "बाबू, याले भोकं किती?"

लाल डब्याला समोरून दोन भोके होती. गाणाऱ्या दोघी, भोके दोन. एवढ्या दिवसांचा माझा अभ्यास तिथेच संपला. तिघांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली, आणि मी तोच डबा, दोन माइक आणि वायरी घेतल्या. एक वायर दुसऱ्या भोकात बसेना, कारण ते भोक थोडे वेगळे होते. दुकानदार म्हणाला, "या भोकाचं का सर..." आणि पुढे काहीतरी सांगणार होता. मी त्याला थांबवले. म्हणालो, "मला माहीत आहे, मी फिजिक्सचा आहे." आणि त्या भोकात बसेल अशी पिन मागून घेतली.

रविवारी रेकॉर्डिंग. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर कापड लावावे असे व्हिडिओत सांगितले होते. मी घरातल्या सगळ्या वाकळी खिळ्यांना टांगल्या. शेजारच्या बाई दारातून डोकावल्या.

"काऊन वो, घरातच वाकळी वाळू घालून राह्यले?"

"फिजिक्स आहे," बाबा म्हणाले.

दोन आवाज एकमेकांत मिसळू नयेत म्हणून गाणारे लांब बसवावेत, असेही व्हिडिओत होते. मी आईला समोरच्या खोलीत बसवले, काकीला स्वयंपाकघरात, आणि मधले दार लावून घेतले. मग लक्षात आले की आता काकीला आईचा प्रश्न ऐकूच येत नाही. हेडफोन एकच होता आणि तो साउंड इंजिनिअर म्हणून मी घातला होता. शेवटी बाबांना दारात उभे केले. दाराची एवढीशी फट ठेवली. आईचा प्रश्न संपला की बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काकीच्या दिशेने हलवायचा, असे ठरले.

गाणे सुरू झाले. आई विचारत होती, दुपट्टा हलत होता, फटीतून काकीचे ओठ हलताना दिसत होते. डब्यावर पहिल्या भोकाचा हिरवा दिवा नाचत होता. दुसऱ्या भोकाचा दिवा लागत नव्हता. मला वाटले, काकीचा आवाजच असा हळू, दिव्याला तरी काय कळणार!

संपल्यावर सगळ्यांना बसवून ऐकवले. आईचा आवाज खणखणीत आला.

"वाटीतली हळद कोनं कालवली?"

शांतता. मग बाबांचा आवाज: "हं, म्हन."

"मांडवाची डहाळी कोनं आनली?"

शांतता. "म्हन नं वो, थांबली काऊन?"

असे शेवटपर्यंत. आई विचारते आहे, बाबा दरडावताहेत, आणि हळद कोणी कालवली याचा कोणालाच पत्ता नाही. सगळे नातेवाईक गायब. काकीने पदराने तोंड पुसले.

"मी तं म्हटलं होतं जी सगळं. मावशीचं बी, मामाचं बी."

"मी काईच बोललो नाई," बाबा म्हणाले. "मी निरा दुपट्टा हलवून राह्यलो होतो."

मी डब्यासोबतचे माहितीपत्रक पहिल्यांदाच उघडले. दुसरे भोक गिटारसाठी होते. माझ्या माइकला चालायला डब्याकडूनच वीज लागते, आणि ती वीज फक्त पहिल्या भोकात येते. हे सांगायलाच दुकानदाराने तोंड उघडले होते. घरात गिटार कोणी वाजवत नाही. धानाच्या पट्ट्यात आमच्या ओळखीचे कोणीच वाजवत नाही.

"मंग आता?" आईने विचारले.

"एकाच माइकपुढे दोघी बसा."

"आम्ही तं नेहमी तशाच बसतो," आई म्हणाली. "तूच दार लावलं."

दोघी एका चटईवर, गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. बाबांना दुपट्ट्यासकट अंगणात पाठवले. काकीचा आवाज नीट यावा म्हणून मी डब्याचे बटण बरेच वर फिरवले. या वेळी सगळे आले. मावशी आली, मामा आले, आत्या आल्या. फक्त एका ठिकाणी आवाज एवढा चढला की डब्यावर लाल दिवा लागला. लाल दिवा म्हणजे आवाज फाटला. मी दिव्याकडेच पाहत मनातल्या मनात नोंद घेतली आणि बोटाने "चालू ठेवा" अशी खूण केली.

दुसऱ्या दिवशी गाणे साफ करायला बसलो. अशा वेळी कानांवर भरवसा ठेवू नये, पडद्यावरच्या लाटा बघाव्यात, असे व्हिडिओत होते. ऐकून ऐकून माझे कान थकलेही होते. फाटलेली जागा लगेच दिसली. तिथे लाट वर-खाली भिंतीला टेकलेली होती. मी तेवढी ओळ आईच्या प्रश्नासकट व्यवस्थित कापली आणि आत्यांच्या ओळीवर गाणे इतके बेमालूम संपवले की मी स्वतःचे कौतुक केले. गाणे पेनड्राईव्हात भरले.

हळदीच्या दिवशी डीजेवाल्याने ते लावले. भोंग्यांतून आई आणि काकी असा आवाज काढत होत्या की वसाहतीतले लोक गॅलरीत आले. नाव आले की तो तो पाहुणा मान ताठ करून इकडेतिकडे पाहायचा. मामांनी तर हात वर केला. काकी कोपऱ्यात उभी होती. आपलाच आवाज एवढा मोठा ऐकून ती पदराआड हसत होती.

आत्या झाल्या. आणि गाणे संपले. पाठोपाठ डीजेचे नाचाचे गाणे सुरू झाले.

काकीचे हसणे थांबले. परक्या माणसापुढे पाणी न मागणारी काकी सगळ्या हॉलमधून चालत माझ्यापर्यंत आली आणि डीजेच्या वर आवाज काढून म्हणाली, "बाबू, तुह्यं नाव कुठी गेलं?"

"माझं?"

"नवरीचा भाऊ शेवटी येते नं. मी म्हटलं होतं."

"काकी, एका जागी तुझा आवाज फाटला होता. तो मी कापला."

"फाटला नोता. मी मोठ्यानं म्हटलं." तिने डोक्यावरचा पदर सावरला. "तुह्यं नाव हळू कसं घेऊ? घरातला पयला शिकलेला माणूस आहेस."

पौर्णिमाच्या होणाऱ्या सासूबाई शेजारीच होत्या. त्यांनी पौर्णिमाला विचारले, "काऊन वो, तुले भाऊ नाई का?" पौर्णिमाने माझ्याकडे असे पाहिले की मी खुर्च्यांकडे पाहू लागलो.

पंगत बसली. मामा बोलावत होते, बाबा बोलावत होते, पण रीत ती रीत. मी म्हणालो, "भूक नाई जी." सगळे उठून गेल्यावर वाढप्यांच्या शेवटच्या पंगतीत जाऊन बसलो. शेजारच्या वाढप्याने माझ्या पानात मुलीकडचा समजून जास्त भात वाढला, मग शंका येऊन हात आवरला.

"भाऊ, तुम्ही कोनाकडून?"

मी भात कालवत म्हणालो, "साउंडवाल्याकडून."