दोन पानांचं प्रोजेक्ट

नव्वदच्या दशकात देवपूरच्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅबबाहेर चपला काढाव्या लागत आणि प्रोजेक्टची किंमत पानांवर ठरे. हाताने लिहिलेली चाळीस पानं दिसली की सर सही करत. सही नाही तर तोंडी परीक्षा नाही, म्हणजे वर्ष गेलं.

माझं प्रोजेक्ट दोन पानांचं होतं. गावातल्या नळांना कुठे किती दाबाने पाणी येईल, ते काढायचं. त्यासाठीची समीकरणं सोडवणारी फंक्शन्स कोणीतरी सी भाषेत आधीच लिहून लॅबच्या मशीनवर सगळ्यांसाठी ठेवली होती. मी दुसऱ्या एका सोप्या भाषेत चार ओळींचा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे स्क्रिप्ट, लिहिली आणि तिच्यातून ती फंक्शन्स बोलावली. टोपल्यात भाकरी असताना दळण घेऊन कशाला बसायचं?

"ही काय खेळण्यातली भाषा?" सर म्हणाले. "ती सी फंक्शन्स उतरवून काढ. चाळीस पानं भरतील, लगेच सही करतो." मुलांनी तेच केलं होतं, आणि वर नाव स्वतःचं घातलं होतं.

"सर, ती मी लिहिलेली नाहीत."

"मग बैस घरी."

घरी येऊन वडिलांना सांगितलं. आबांचा जन्म कापसाच्या शेतात गेलेला, कॉम्प्युटर कधी पाहिलेला नाही. "तुनं खरं शे ना? मंग घाबरस कसाले?" एवढंच म्हणाले. घाबरत कोण होतं? माझं तर डोकं फिरलं होतं.

परीक्षेच्या दिवशी बिनसहीची दोन पानं घेऊन मी थेट बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर उभी राहिले. सर लालबुंद झाले. परीक्षक म्हणाले, "आलीच आहे तर चालवून दाखवू दे."

चालवलं, तर दाब निघाला कोट्यवधी. मुलं फिदीफिदी हसली. मी एकेक ओळ वाचत गेले आणि चूक सापडली. आदल्या संध्याकाळी घाईत एक फंक्शन जोडलं होतं. त्याचं उत्तर दशांशात येतं हे स्क्रिप्टला सांगायचं राहिलं होतं, आणि ती ते पूर्णांक समजून वाचत होती. एक ओळ बदलली आणि आकडे ताळ्यावर आले.

"आतलं गणित कोणाचं?" परीक्षकांनी विचारलं.

"दुसऱ्याचं. पहिल्याच पानावर लिहिलंय."

निकालात मी काठावर पास, वर्गात सर्वांत कमी मार्क. सर व्हरांड्यात मुद्दाम थांबून म्हणाले, "चाळीस पानं लिहिली असतीस तर फर्स्ट क्लास होता."

"होता सर," मी म्हटलं, "पण माझा नसता."