खुर्ची भरलेली आहे

वाचनालयातल्या कोणत्या खुर्च्या किती वापरात असतात, याची नोंद ठेवायचं काम त्या उन्हाळ्यात माझ्याकडे होतं. दर तासाला अभ्यासिकेतून फिरायचं आणि कुणी बसलेलं दिसलं की त्या खुर्चीच्या क्रमांकापुढे खूण करायची.

खिडकीजवळच्या खुर्चीत साठीच्या एक काकू रोज असायच्या. पुस्तक उघडं असायचं, पान मात्र तेच. एकदा त्यांनी हळूच विचारलं, "माझ्याबद्दल काय लिहिता हो?"

"तुमच्याबद्दल काही नाही, काकू. खुर्ची भरलेली आहे, एवढंच."

त्या जराशा हसल्या. "तेवढंही पुष्कळ झालं. हे गेल्यापासून मी कुठे आहे, कधी परतणार, हे कुणाला सांगावंच लागत नाही. आज पाचपर्यंत आहे मी."

मी खुर्चीपुढे खूण करून पुढे गेले. पण पाच वाजता पावलं आपोआप तिकडे वळली. त्या पिशवी उचलत होत्या.

"निघते हं," त्या म्हणाल्या.

"सावकाश जा," मी म्हटलं. असं कुणाला म्हणून मला किती दिवस झाले होते!

खोलीवर आले, कुलूप काढलं. आत कुणीच नव्हतं. तरी चपला काढता काढता मोठ्याने म्हणाले, "आले हं मी."