सरळ स्टेअरिंग, डावीकडची चाकं

आधीच सांगून टाकतो – भूत, बाधा, करणी, उतारा, यातलं काहीही मी मानत नाही. गाडी सारखी बंद पडते म्हणून लिंबू-मिरची बदलणाऱ्या गिऱ्हाइकाला मी एअर फिल्टर बदलायला सांगतो आणि वर चार शब्द ऐकवतो. त्यामुळे खाली कमेंटमध्ये "काका, माल कुठला?" विचारायची ज्यांना घाई झाली असेल त्यांनी इथूनच मागे फिरावं. माझं डोकं आधीच फिरलेलं आहे.

माझं वर्कशॉप अहिल्यानगरला, आमच्या तोंडी अजून नगरच, भिंगार ओलांडून पाथर्डी रस्त्याला लागलं की डाव्या हाताला. जुन्या जीप मूळ रूपात आणून देणं हा माझा धंदा. पत्र्याची एकच शेड आहे. निम्म्यात मी, निम्म्यात सलीमभाई पेंटर. गेल्या हिवाळ्यात पुण्याच्या एका साहेबांचा फोन आला, की तिसगावजवळ एका गोठ्यामागे क्लासिक जीप मिळाली आहे, एकदम ओरिजनल करून द्या. टेम्पोत घालून जीप आली. मी ताडपत्री ओढली, नंबर प्लेट वाचली आणि तिथेच पायरीवर बसलो.

ती दादाची जीप होती.

दादाची म्हणजे तो चालवायचा ती. माझा थोरला भाऊ अंकुश, नगर–तिसगाव वडापवर, म्हणजे सीटवारी माणसं भरून नेणाऱ्या जीपवर, ड्रायव्हर होता. मालक भाऊशेठ. एकदा दुपारी नगरहून परत येताना, करंजी घाट उतरताना, जीप डावीकडे कठड्यावरून खाली गेली. आमच्या गल्लीतल्या शांतामावशी पुढच्या सीटवर बसल्या होत्या, त्या जागीच गेल्या. दादा दवाखान्यात शुद्धीवर आला तेव्हापासून एकच सांगत होता, "मी उजवीकडं वळवत हुतो. स्टेअरिंग हातात नुसतं गरागरा फिरत हुतं अन् चाकं डावीकडंच."

भाऊशेठने सांगितलं, ड्रायव्हरचा डोळा लागला.

गाडी तपासायला आरटीओचा माणूस येईपर्यंत जीप ओढून भाऊशेठच्या शेडमध्ये नेलेली होती. तपासली तर स्टेअरिंग ठणठणीत! मग काय, दुपारची वेळ, पोटभर जेवलेला ड्रायव्हर, सगळ्या गावाला पटलं. शांतामावशीच्या मुलाने, भागवतने, दादाशी बोलणं टाकलं ते टाकलंच. कोर्टकचेरी झाली, दादाने भोगायचं ते भोगलं. मी तेव्हा नुकता आयटीआयमधून बाहेर पडलो होतो. स्टेअरिंगचा दांडा तुटल्याशिवाय असं होतच नाही, हे मी ज्याला त्याला सांगत फिरलो. कुणी ऐकलं नाही. त्याचाही राग एक वेळ गिळला असता. पण पुढे काही वर्षांनी दादाच मला म्हणाला, "जाऊ दे दिल्या. लागला आसंल डोळा. इतकी मान्सं खोटं कशापायी बोलतील?" माणसाकडून त्याचं स्वतःचं बघितलेलं काढून घ्यायचं, हा कुठला न्याय? त्या दिवशी मी जेवलो नाही.

तेव्हापासून दादा दिवसा झोपलेला नाही. वैशाखात सगळं गाव आडवं होतं, हा एकटा उंबऱ्यावर बसून दोरी वळत असतो. एसटीत बसला तरी ताठ, पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरून, डोळे रस्त्यावर. स्टेअरिंगला तर त्याने पुन्हा हातच लावला नाही.

तर ती जीप माझ्या दारात उभी. साहेबांना नाही म्हणणार होतो, पण म्हटलं नाही. आणि दादालाही कळवलं नाही.

काम सुरू केलं आणि रोज डोक्यात तिडीक जायला लागली. भाऊशेठनंतर आणखी दोघांच्या हाताखालून ती गेली होती आणि प्रत्येकाने तिची वाट लावली होती. रेडिएटर गळतो म्हणून आत हळद ओतलेली. हो, हळद, भाजीत घालतात ती! तळ कुजला म्हणून कुठल्याशा दुकानाच्या पाटीचा पत्रा ठोकलेला. वायरिंगला घरातली वायर, तिच्या जोडाला जखमेवर लावायची चिकटपट्टी. मागच्या चाकाचं ब्रेक ऑइल गळतं, मग काय करायचं? हातोड्याने ब्रेकचा पाइपच चेपून बंद करायचा. म्हणजे तीन चाकांना ब्रेक आणि चौथं देवाच्या भरवशावर. आणि या गाडीत माणसं कोंबून घाटातून न्यायची! "चलतंय की" हे दोन शब्द ज्याने शोधून काढले त्याला मी या ब्रेकवर एकदा घाट उतरायला लावणार आहे. एकेक जुगाड उखडताना मी इतका बडबडत होतो की सलीमभाईंनी कानात इअरफोन घालायला सुरुवात केली.

स्टेअरिंग मी हलवून बघितलं होतं. ढिलेपणा नाही, खुळखुळाट नाही. काळ्या रंगाचा आणि ग्रीसचा जाड थर होता, म्हणून ते साफ करायचं काम शेवटी ठेवलं.

पुढची चाकं मी संध्याकाळी नेहमी सरळ करून ठेवतो. एका सकाळी आलो तर दोन्ही चाकं डावीकडे, अगदी टोकापर्यंत वळलेली. स्टेअरिंग मात्र सरळ. मी खालून सगळे जोड बघितले, सगळं घट्ट. गाडीचं काम ज्यांना कळतं त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. स्टेअरिंग आणि चाकं एकाच साखळीत असतात. एक हललं की दुसरं हलणारच.

मी सरळ सलीमभाईंवर घसरलो. "माझ्या गाडीला हात कुणी लावला?"

"दिलीपशेठ, मी ब्रश सोडून कशाला हात लावतो का कधी?" ते म्हणाले. "अन् लावला तरी असं करता येतंय का, तुम्हीच सांगा."

करता येत नव्हतं, हेच तर दुखणं होतं. चाकं सरळ केली. दुपारी जेवून आलो, पुन्हा डावीकडे. मग मी स्टेअरिंग सुतळीने सीटच्या सांगाड्याला करकचून बांधलं, चाकांखाली खडूने रेघा मारल्या आणि शटरला माझं कुलूप लावलं. सकाळी सुतळी जशीच्या तशी, गाठही माझीच. चाकं डावीकडे. सीसीटीव्ही विचाराल – आहे, पण गेटकडे तोंड करून. शटर कुणी उघडलं नाही एवढंच त्यात दिसतं. मला भीती वाटली नाही, खरं सांगतो. संताप आला. चाकाला लाथ मारली आणि पायाचा अंगठा सुजवून घेतला.

आणि त्याच आठवड्यात दादा आला. डोळे तपासायला नगरला आला होता, हातात माझ्यासाठी हुरड्याची पिशवी. मी आडवा जाईपर्यंत त्याने नंबर वाचला होता.

मला वाटलं आता हा कोसळतो. पण तो नंबरकडे बघतच नव्हता. तो चाकांकडे बघत होता. मग आत वाकून त्याने सरळ, सुतळीने बांधलेलं स्टेअरिंग बघितलं, पुन्हा चाकं बघितली.

"आसंच," तो म्हणाला. "दिल्या, आसंच हुतं. अगदी आसंच."

"दादा, तू बस बाजूला, पाणी पी..."

"सोड ती सुतळी."

मी सोडली. दादा ड्रायव्हरच्या सीटवर बसला. त्याने स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं आणि ते फिरलं, नुसतं फिरलं, पंख्याच्या पात्यासारखं हलकं. चाकं तसूभर हलली नाहीत. मी त्याला उतरवून स्वतः बसलो. माझ्या हाताला जड, नेहमीसारखं, आणि चाकं मुकाट्याने वळली. सलीमभाईंना बसवलं, त्यांनाही जड. पुन्हा दादा. पुन्हा हलकं.

मी मोबाइलचा टॉर्च लावून गाडीखाली शिरलो. "फिरव," म्हणालो.

स्टेअरिंगचं वळणं चाकांपर्यंत नेणारा एक लोखंडी दांडा असतो, ड्रॅग लिंक म्हणतात त्याला. मनगटापासून खांद्यापर्यंत लांबीचा, सलग. माझ्या डोळ्यांसमोर, हातभर अंतरावरून, मी बघितलं... दांड्याचं स्टेअरिंगकडचं टोक पुढे-मागे होत होतं आणि चाकाकडचं टोक स्थिर होतं. मध्ये काळा रंग, एकही चीर नाही. सलग दांड्याचं अर्धं अंग हलत होतं आणि अर्धं नव्हतं! सलीमभाई माझ्या शेजारी आडवे झाले होते. त्यांनीही बघितलं. मी तोंडाला येईल ते बोललो.

दांडा खोलून टेबलावर घेतला. हातात घट्ट, जड, एकसंध. व्हाइसच्या जबड्यात आवळून हातोड्याने बडवला, हलला नाही. मग ज्या जागी हलणं थांबत होतं तिथे ग्राइंडर लावला. आधी रंग उडाला. मग पुट्टी निघाली – दांड्यावर पुट्टी! खाली दांड्यावर चढवलेला एक पाइप निघाला, दोन्ही टोकांना वेल्डिंग मारलेला. पाइप उभा चिरला. आत दांडा दोन तुकड्यांत, मध्ये बोट जाईल एवढी फट. आणि दोन्ही तुटक्या तोंडांवर आणखी एक जुनं, काळं पडलेलं वेल्डिंग, मधोमध फाटलेलं.

म्हणजे दांडा आधीच एकदा तुटला होता. नवा टाकायच्या ऐवजी वेल्डिंग मारून गाडी वडापला सोडली होती. घाटात ते वेल्डिंग फाटलं. नंतर ज्याने वरून पाइप चढवून, पुट्टी भरून, रंग फासला त्याने हे तुटलेलं डोळ्यांनी बघितलं होतं. तपासायला माणूस यायच्या आत. स्वतःच्याच शेडमध्ये.

मी तिथूनच भाऊशेठला फोन लावला. म्हातारा शांतपणे म्हणाला, "लोखंड हाय बाबा, तुटतंच. आता कशाला मढं उकरतो?" मी काय बोललो ते इथे छापता येणार नाही. दांडा घेऊन त्याच्या दारात जातो म्हणालो. दादाने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि बंद केला.

"त्याच्याकडं न्हाई," तो म्हणाला. "आधी शांतामावशीच्या घरी."

नवा दांडा बसवला. चाकं पुन्हा कधी हलली नाहीत. पुढे काम पूर्ण झालं, जीपची ट्रायल घ्यायचीच होती, साहेबांना विचारून, दादाला शेजारी बसवून मी ती गावाकडे काढली. भागवतने दांड्याचे दोन तुकडे हातात घेतले, तुटलेल्या तोंडावरून अंगठा फिरवत बराच वेळ बघितले आणि आत नेऊन ठेवले. परत दिले नाहीत. दादाला म्हणाला, "बस." त्यापुढचं त्या दोघांचं आहे.

ज्यांना स्पष्टीकरण हवं आहे त्यांना सांगतो – माझ्याकडे नाही. पाइप आतून सुटला असेल म्हणणाऱ्यांनो, तो चिरताना माझ्या ग्राइंडरच्या चकत्या संपल्या. स्टेअरिंग बॉक्स खोलून बघितला, चोख होता. आम्हा दोघांना एकदम भास झाला म्हणाल तर सलीमभाईंचा नंबर देतो, त्यांच्या शिव्या माझ्यापेक्षा वरच्या आहेत. दांडा कुणाला काय दाखवत होता, का दाखवत होता, मला माहीत नाही. माझा राग मात्र गेलेला नाही आणि तो कुणी घालवायलाही येऊ नये.

फक्त एक राहिलं. जीप गावाकडे काढली त्या दिवशी नगरहून निघालो तेव्हा भर दुपार होती. दांड्याचे तुकडे दादाच्या पायाशी, गोणपाटात. मी वाटभर भाऊशेठच्या नावाने बोटं मोडत होतो, त्याला काय काय सुनावायचं ते मोठमोठ्याने घोकत होतो. दादा हं हं करत होता. घाट सुरू झाला. ते वळण दिसलं, तसा मी वेग कमी केला आणि म्हणालो, "दादा, घट्ट धर."

बाजूला बघितलं तर दादाचे दोन्ही हात मांडीवर सैल पडले होते, मान माझ्या खांद्याकडे कलली होती.

त्याचा डोळा लागला होता. मी हॉर्न न वाजवता वळण घेतलं.