शंकरचा सरपटणारा शब्द

शंकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी कराडच्या स्टँडवर, त्यालाच भेटायला पाटणच्या एसटीत बसलो होतो. उतरायला उठलो आणि पुन्हा खाली बसलो... जायचं तर तिथंच होतं. महिना होत आला. त्याची माफी मागायची राहिली, आणि ती कशाबद्दल, हेही मला तो गेल्यावर कळलं.

एकाच शाळेत आम्ही एकवीस वर्षं शिकवलं. मी गणित, तो इंग्रजी. शब्दांचं कूळ शोधायचा त्याला भारी नाद. 'स्मगलर' हा त्याचा लाडका. इंग्रजांनी तो शब्द उत्तर जर्मनी आणि हॉलंडकडच्या बोलींतून उचलला, आणि त्याच्याही मागं बहुधा 'सरपटणं' या अर्थाचं जुनं जर्मानिक क्रियापद आहे, असं तो रंगून सांगे. माझं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला! एकदा स्टाफरूममध्ये म्हणालो, "शंकर, तुमच्या भागात चंदनचोर लय, म्हणून या शब्दावर जीव व्हय रं?" सगळे हसले. तोही हसला, पण पुन्हा तो शब्द त्यानं कधी काढला नाही. कंटाळला असेल, असं मला वाटलं.

दहाव्याला त्याची थोरली बहीण, आक्का, माझ्याजवळ बसली. त्यांचे वडील, आण्णा, चोरटं चंदन नेताना सापडले होते, तुरुंगात जाऊन आले होते. लहानपणी शाळेत पोरं शंकरला 'स्मगलरचा' म्हणत. मोठेपणी त्यानं वडिलांशी बोलणंच टाकलं.

"तुमी थट्टा केली, त्याच सांजंला तो गावी आला," आक्का म्हणाली. "आण्णा हातरुणावर. रागानं त्यांना त्या शब्दाचा अर्थ सांगितला. आण्णा म्हनलं, 'खरं हाय, बाळा. झाडीतनं पोटावर सरपटतच आणलं लाकूड. तू ताठ चालावास म्हणून.'"

मला फार लाज वाटली.

"मग लय रडला. आण्णा पुढं तीन म्हैनं जगलं. रोज शाळा सुटली की यायचा, दाढी करायचा, भरवायचा..."

ते तीन महिने मला चांगले आठवतात. शेवटची घंटा झाली की शंकर एसटी गाठायला पळत सुटायचा आणि मी मागून ओरडायचो, "घरी कोण वाट बघतंय रं एवढं?"

"हाय एकजण," तो म्हणायचा. कोण, ते मी कधीच विचारलं नाही.