हिंगणीतल्या तीन हजार खुर्च्या

धंद्यासाठीचं सॉफ्टवेअर मी तीन दिवसांत निवडलं. निवडताना कसोटी एकच लावली: ते माझ्या साडभाऊच्या सॉफ्टवेअरपेक्षा मोठं असलं पाहिजे.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान, सुधाकरराव. सिंदी रेल्वे या गावी त्यांचं ठिबकच्या नळ्या आणि फवारणी पंपांचं दुकान आहे. माणूस अत्यंत सज्जन. (माझी मुख्य तक्रार तीच आहे.) कमी बोलतात, कुणाबद्दल वाईट बोलत नाहीत आणि पन्नाशी उलटली तरी डोक्यावरचे सगळे केस जागच्या जागी आहेत. सासरहून आम्ही दोघं एकाच वेळी निघालो की सासूबाई त्यांना फाटकापर्यंत सोडायला येतात आणि मला ओसरीवरून हात दाखवतात. फाटक आणि ओसरी यांत जेमतेम बारा पावलांचं अंतर आहे, पण ही बारा पावलं मी सव्वीस वर्षं मोजतो आहे.

माझं आर्वीला बिछायत केंद्र आहे. मंडप, खुर्च्या, गाद्या, स्वयंपाकाची भांडी, जे लग्नाला लागतं ते सगळं भाड्यानं देतो. सुरुवातीला एक गोदाम होतं आणि सगळा माल हरिभाऊंच्या डोक्यात असायचा. हरिभाऊ आमचे गोदाम सांभाळणारे, साठीचे गृहस्थ. मग गोदामं तीन झाली, शेजारच्या गावी शाखा झाली, आणि हरिभाऊंचं डोकं मात्र एकच राहिलं. गेल्या मोसमात एका तेरवीच्या, म्हणजे तेराव्याच्या, दारात गुलाबी झालरींची 'शुभविवाह' कमान उभी राहिली आणि त्याच सकाळी लग्नघरी पांढरेशुभ्र पडदे पोचले. तेरवीवाले समजूतदार निघाले. लग्नवाल्यांबद्दल न बोललेलं बरं.

तेव्हापासून माझी बायको वनिता सांगत होती की आता काहीतरी व्यवस्था बसवा. मी वर्षभर ऐकलं नाही. मग दिवाळीत सासरी जेवणं झाल्यावर सुधाकररावांनी खिशातून फोन काढला आणि सिंदीच्या दुकानात कोणत्या नळीची किती बंडलं आहेत ते तिथे बसल्या बसल्या सांगितलं. सासूबाईंनी चष्मा लावून बघितलं. वनिता तर फोनच्या त्या पडद्याकडे अशा नजरेनं बघत होती की तशी नजर माझ्या वाट्याला लग्नात एकदा आली होती, आणि तीही फोटोग्राफरनं सांगितलं म्हणून.

"सहा भाग हायेत याच्यात," सुधाकरराव म्हणाले. "एवढंसं हाय, पण कामाचं हाय."

सहा. हा आकडा मी डोक्यात लिहून घेतला.

परतीच्या वाटेवर वनिता म्हणाली, "भाऊजीले विचारा न, त्यायनं कोन्तं घेतलं अन् काऊन घेतलं ते."

"त्यायले काय विचाराचं? मले डोकं नाई का?"

यावर ती आर्वीपर्यंत खिडकीबाहेर कपाशी बघत बसली.

पुढच्या आठवड्यात मी तीन कंपन्यांची माणसं बोलावली. पहिल्यानं आल्या आल्या विचारलं की तुम्हाला अडचण काय आहे. सुरुवातीलाच असा अपमान करणाऱ्या माणसाला मी चहा पाजून वाटेला लावलं. दुसऱ्याचं सॉफ्टवेअर छोटं होतं: कोणत्या तारखेला कुणाचं कार्य, कोणता माल कुठे गेला, काय परत आलं. वनितानं त्याला चार-पाच प्रश्न विचारले, हरिभाऊंनाही बोलावून पडदा दाखवला आणि मला हळूच म्हणाली, "आपल्याले एवढंच तर पायजे." मी त्या माणसाला विचारलं, भाग किती? तो म्हणाला, चार. मी त्याला नमस्कार केला.

तिसरा नागपूरहून टाय लावून आला होता. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बावीस भाग होते. त्यात कारखान्याच्या उत्पादनाचा भाग होता, परदेशी चलनाचा होता, जहाजानं माल पाठवायचाही एक होता. आर्वीहून आजवर एकही मंडप जहाजानं गेलेला नाही, पण असू द्या म्हटलं. त्यातली सगळ्यांत भारी गोष्ट त्यानं शेवटी सांगितली. माल कमी पडला तर सॉफ्टवेअर स्वतःहून दुसऱ्या व्यापाऱ्यांकडे मागणी पाठवतं, आपल्याला बोटही उचलावं लागत नाही.

"सिंदीच्या दुकानात असते का हे?" मी विचारलं.

तो माणूस सुधाकररावांना ओळखत नव्हता, पण विक्रीत मुरलेला होता. "सिंदीत नसणार, साहेब," तो म्हणाला. मी तिथेच सही केली.

मग सगळी माहिती भरायला बसलो. आमच्याकडे खुर्च्या सुट्या मोजत नाहीत. दहा खुर्च्या एकात एक बसवल्या की एक थप्पी होते, आणि हरिभाऊ थप्प्यांत बोलतात. साठ थप्प्या होत्या, तशा भरल्या. मोसमात आम्ही बिछायतवाले एकमेकांकडून माल नेतो-आणतो, म्हणून जिल्ह्यातल्या आठ मालकांचे नंबरही त्यात घातले. वर त्या आठांना मी स्वतः निरोप पाठवला की यापुढे मला फोन करत बसू नये, सॉफ्टवेअरवरून येणारा संदेश हाच माझा शब्द समजावा. हरिभाऊंनाही तेच सांगितलं. ते म्हणाले, "बरं मालक." बरं म्हणताना ते खाली बघत होते, हे मला नंतर आठवलं.

एवढ्यात सुधाकररावांच्या मुलीचं, प्राचीचं, साक्षगंध म्हणजे साखरपुडा ठरला. मुलाकडचे हिंगणीचे. मुलाचे आजोबा थकलेले, त्यांना प्रवास झेपत नव्हता, म्हणून कार्यक्रम हिंगणीतच, त्यांच्या घराशेजारच्या मैदानावर करायचं ठरलं. जेवण त्यांचं, मंडप आणि खुर्च्या माझ्याकडून. पाहुणे तीनशे. मला वाटलं, देवानंच हा योग जुळवून आणला. सुधाकररावांच्या घरचं कार्य, सगळी सासरवाडी हजर, आणि मध्यभागी मी, हातात फोन.

मी वनितासमोर मागणी भरली. खुर्च्यांच्या चौकटीत लिहिलं: ३००. पडद्यावर एक लांबलचक सूचना आली, तिच्याखाली हिरवं बटण. मी दाबलं.

"काय लिहून होतं ते?" वनितानं विचारलं.

"तांत्रिक हाय," मी म्हणालो.

"हरिभाऊले एकडाव पाहू द्या न."

मी नुसतं हसलो. असं हसणं मी सुधाकररावांच्या चेहऱ्यावर बघितलं होतं आणि त्याचा सराव केला होता.

साक्षगंधाच्या दिवशी मी सकाळी नऊलाच हिंगणीत हजर झालो. मंडप आदल्या दिवशीच उभा राहिला होता. सुधाकररावांना बाजूला घेऊन मी फोन दाखवला. "माल निघाला, पाहा. इथं उभं राहून दिसते." ते कौतुकानं म्हणाले, वा. तेवढ्यात आमचे टेम्पो आले आणि खुर्च्या उतरू लागल्या. उतरतच राहिल्या. सहाशे उतरल्या तेव्हा सुधाकररावांनी विचारलं की जरा जास्त नाहीत ना. मी म्हणालो, पाहुण्यांचा काय भरवसा, आपली तयारी असावी. मनात म्हटलं, हरिभाऊंचं वय झालं.

मग सेलूहून एक टेम्पो आला. त्यातही खुर्च्या. ड्रायव्हरनं माझ्या नावाचा संदेश दाखवला: तीस थप्प्या, हिंगणी. मी त्याला काही विचारणार तोच देवळीचा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट मैदानात शिरला. त्याच्यामागे पुलगाव. पुलगावच्या मागे कारंजा. निळ्या खुर्च्या, पांढऱ्या खुर्च्या, लाल खुर्च्या, पाठीवर आठ वेगवेगळ्या केंद्रांची नावं. मैदान भरलं, मंडपाबाहेरची मोकळी जागा भरली, मुलाकडच्यांच्या तुरीच्या शेताच्या धुऱ्यापर्यंत रांगा गेल्या. मी हरिभाऊंना फोन लावला.

"मालक, तीनशे थप्प्या लिहून आलतं," ते म्हणाले. "आपल्याजवळ साठच होत्या. त्या भरल्या. बाकीच्या मशीननं मांगवल्या असतीन."

"मंग मले फोन काऊन नाई केला?"

"तुमीच नाई म्हनलं होतं न, मालक."

तीनशे थप्प्या म्हणजे तीन हजार खुर्च्या. कमी पडलेल्या दोनशे चाळीस माझ्या सॉफ्टवेअरनं आठ मालकांत सारख्या वाटून मागवल्या होत्या. हिशेबात एका थप्पीची चूक नव्हती.

इकडे मुलाच्या वडिलांचा चेहरा उतरला होता. साधा, भिडस्त माणूस. त्यांनी तीनशे पानांचा स्वयंपाक सांगितला होता. मुलीकडचे एवढ्या खुर्च्या आणतात म्हणजे माणसंही तेवढीच येणार, असं त्यांनी धरलं. मुलाची आई आत गेली ती बाहेर येईना. एक काका मोठ्यानं म्हणू लागले की ज्यांना आकडा धड सांगता येत नाही त्यांच्याशी सोयरीक करायची का, याचा अजून विचार व्हावा. प्राची आतल्या खोलीतून हे सगळं ऐकत होती. तिच्या आईनं, शोभाताईंनी, माझ्याकडे एकदा बघितलं. मी एका खुर्चीवर बसलो. (तेवढी सोय मुबलक होती.)

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण गावानं खुर्च्या बघितल्या. हिंगणीत एवढ्या खुर्च्या यापूर्वी फक्त निवडणुकीच्या सभेलाच लागल्या असतील. कुणीतरी म्हणालं, मंत्री येणार आहे. दुसऱ्यानं मंत्र्याचं खातं सांगितलं. साडेदहाला लोक येऊन बसू लागले, म्हातारे पुढच्या रांगेत. दोन बायांनी रस्त्याच्या तक्रारीचा अर्ज लिहून आणला. अकराला बीटचे पोलीस जमादार आले आणि विचारू लागले की सभा कोणाची आहे, परवानगी दाखवा. लोकांनी माझ्याकडे बोट केलं. मी जॅकेट घातलं होतं, त्यामुळे मीच पुढारी आहे असं सगळ्यांचं मत पडलं. एका बाईनं अर्ज माझ्या हातात ठेवला.

मला पळून जायचं होतं, पण खुर्च्यांतून वाट नव्हती.

तेव्हा सुधाकरराव उठले. आधी मुलाच्या वडिलांपाशी गेले. मी मागेच होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"खुर्च्यायचा आकडा मीच चुकीचा सांगितला. माह्या साडभाऊची काई चूक नाई. पाव्हने तीनशेच हायेत, तुमी काई काळजी नका करू."

मग ते मंचावर चढले, माइक घेतला आणि गावाला सांगितलं की मंत्री नाही, सभा नाही, माझ्या मुलीचं साक्षगंध आहे. आलात तर आता उठून जाऊ नका, तिला आशीर्वाद द्या, चहा घेऊन जा. जमादारांनाही त्यांनी पहिल्या रांगेत बसवलं. चहाचं मोठं भगोनं चढलं, टेम्पोचे ड्रायव्हर कप वाटायला लागले. मुलाच्या आजोबांना उचलून खुर्चीवर आणून बसवलं होतं. समोर सगळं गाव बसलेलं बघून त्यांचे डोळे भरून आले. ते म्हणाले की आपल्या नातवासाठी एवढी माणसं आली, आता काही मागणं राहिलं नाही. मघाचे काका सगळ्यांत आधी टाळ्या वाजवू लागले. मुलाची आई बाहेर आली. प्राचीची ओटी भरली, अंगठ्या झाल्या, गावातल्या शे-दोनशे बायकांनी तिच्यावरून हात ओवाळून बोटं मोडली.

जाताना प्रत्येक जण सुधाकररावांचे हात हातात घेऊन सांगत होता की एवढ्या मोठ्या मनाचा माणूस पाहिला नाही. घोळ मी घातला होता, खुर्च्या मी जमवल्या होत्या, गाव माझ्यामुळे आलं होतं, आणि मोठं मन त्यांचं ठरलं. त्यांनी मला चारचौघांत झापलं असतं तर मी त्यांना कदाचित माफ केलं असतं. माझी चूक अंगावर घेतली, हे मला आजपर्यंत पचलेलं नाही.

परतताना वनिता गाडीत सेलू मागे पडल्यावर म्हणाली, "घरी गेल्यावर तो फोन माह्याजवळ देजा."

मी दिला. दुसऱ्या दिवशी मी आठही मालकांकडे जाऊन आलो. आठही जण हसले. पुलगाववाल्यानं तर मंत्री महोदय म्हणून खुर्ची पुढे केली. तोवर वनितानं चार भागांच्या त्या दुसऱ्या माणसाला परत बोलावलं होतं. ती आणि हरिभाऊ दोन दिवस त्याच्यासोबत बसले. थप्पी म्हणजे किती आणि नग म्हणजे किती हे आधी लिहून घेतलं, आणि आजतागायत एकही कमान चुकीच्या दारात उभी राहिलेली नाही. त्यात कोणाला काय करता येईल तेही ठरवता येतं. हरिभाऊंना माल चढवता-उतरवता येतो. वनिताला सगळं करता येतं. मला बघता येतं. कुठेही बोट लावलं की पडद्यावर अक्षरं उमटतात: 'आपल्याला परवानगी नाही.' सव्वीस वर्षांच्या संसारात घरची ही व्यवस्था पहिल्यांदाच लेखी स्वरूपात माझ्यासमोर आली.

गेल्या महिन्यात सुधाकरराव आर्वीला आले आणि वनिताजवळ बसून सगळं समजून घेऊन गेले. त्यांच्या सहा भागांतले चार त्यांनी कधी उघडलेच नव्हते म्हणे. त्यांनीही हेच सॉफ्टवेअर घेतलं, आणि चाव्या शोभाताईंच्या हातात गेल्या. परवा त्यांनी मला त्यांचा पडदा दाखवला. त्यांनाही फक्त बघता येतं. मला आयुष्यात पहिल्यांदा या माणसाबद्दल निर्मळ प्रेम वाटलं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

मग नीट बघितलं, तर त्यांच्या पडद्यावर खाली एक छोटंसं बटण होतं: 'बदलासाठी विनंती करा.'

माझ्या पडद्यावर ते नाही. मी दोनदा बंद करून परत सुरू करून बघितलं. आता मला ते बटण पाहिजे आहे, आणि त्यासाठी वनिताला विनंती करावी लागणार आहे, पण ती करायला माझ्याजवळ बटण नाही.