बांधालगतचे हळदीचे वाफे

सत्तरच्या दशकात एम.एस्सी. करून मी आणि माझा एक मित्र सांगलीजवळच्या एका संशोधन केंद्रावर एकदमच चिकटलो. मी औंधचा, तो आष्ट्याकडचा. आमचे साहेब हळदीच्या कुजीवर काम करत. बेणं औषधात बुडवून लावलं तर कूज थांबते का, एवढाच प्रश्न. एका शेतकऱ्याच्या रानात बांधालगतचे वाफे औषधाचे, आतले बिनऔषधाचे. कुजून पिवळी पडलेली झाडं आम्ही दोघांनी मिळून मोजायची नि वहीत उतरवायची.

भाद्रपदात मोजायला गेलो. औषधाच्या वाफ्यांत कूज जवळजवळ नाहीच. मी खूश. तो मात्र शेतकऱ्याच्या बायकोशी बोलत बसला. तिनं कौतुकानं सांगितलं, "सायब लोक येनार म्हनून आमच्या मालकांनी कालच बांधाकडची पिवळी झाडं समदी उपटून टाकली. रान कसं झ्याक दिसाय पायजे."

पाहुणे यायचे म्हणून अंगण झाडावं, तसं त्यांनी रान झाडलं होतं. त्यांचं काय चुकलं म्हणा.

परतताना सायकलवर तो म्हणाला, "गड्या, ही मोजनी न्हाई चालायची. पुढच्या साली परत लावू."

पुढच्या सालापर्यंत थांबतंय कोण? माझी तात्पुरती नेमणूक फाल्गुनात संपत होती आणि कायम व्हायला छापलेला लेख हवा होता. वडील पलटणीतून परतलेले. पोरगा शास्त्रज्ञ झाला म्हणून गावभर सांगून बसले होते. तरी मी साहेबांच्या कानावर घातलं, पण चाचरत, अर्धंमुर्धं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "एवढंतेवढं चालतंच हो. लिहून टाका."

मी लिहून टाकलं. मित्रानं लेखावर आपलं नाव घालू दिलं नाही. माझ्याशी भांडलासुद्धा नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला. त्याची मुदत काही वाढली नाही. तो म्हसवडला हायस्कुलात मास्तर झाला, मी कायम झालो.

नोकरीत मी फार दमलो. काम म्हणाल तर बेताचंच होतं, पण पुढचा प्रत्येक लेख त्या पहिल्यावर रचलेला. एकदा खोटा पाया घातला की वरची प्रत्येक वीट जपून ठेवावी लागते. सातारा-सांगलीतल्या गावोगाव त्या औषधाची शिफारस मीच करत हिंडलो. शेतकरी म्हणायचे, "आवं सायब, औषद लावलं तरी कुजतंय की." मी म्हणायचो, नीट बुडवलं नसेल. म्हसवडवरून कितीदा गेलो, पण गाडी थांबवायचा धीर झाला नाही.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी हाताखालची एक पोरगी वही घेऊन आली. नवीनच लागलेली, हुशार. "सर, हे आकडे बरोबर नाहीत. पुन्हा मोजायला हवेत."

मी चष्मा काढला. पुसता पुसता म्हणालो, "एवढंतेवढं चालतंच."

तिनं वही आपटावी, तोंडावर नाही म्हणावं, असं मला त्या क्षणी मनापासून वाटत होतं.

"बरं सर," ती म्हणाली आणि लिहायला बसली.